चिंता आणि नैराश्यावर काम करायचंय? मग शिकण्याचा क्रम असा ठेवा

दर वर्षी जून-जुलैत मला एकाच धर्तीचे फोन येतात. "मॅडम, समुपदेशनाचा तीन महिन्यांचा कोर्स झालाय. खोली भाड्याने घेतलीय. आता क्लायंट घ्यायला सुरुवात कशी करू?" फोन करणारी माणसं मनापासून बोलत असतात. बहुतेकांनी घरातल्या कुणाचं तरी नैराश्य जवळून पाहिलेलं असतं आणि त्यातूनच ती या कामाकडे वळलेली असतात. पण क्रम उलटा झालेला असतो. खोली आधी, पाटी नंतर आणि शिकणं सगळ्यात शेवटी.

शिकाऊ समुपदेशकांच्या कामावर देखरेख करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यांच्या हातून ज्या क्रमाने चुका होतात, त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे. महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहून मराठी माणसांसोबत चिंता आणि नैराश्य या दोन आजारांवर काम करायचं असेल, तर पुढचे टप्पे एकामागून एक घ्या. मधला टप्पा गाळला, तर त्याची किंमत समोर बसलेला माणूस मोजतो.

## टप्पा १ : आधी भूमिका ठरवा, कोर्स नंतर

"मला मानसिक आरोग्यात काम करायचंय" हे वाक्य अर्धवट आहे. वहीत ते पूर्ण करा : मी नेमकं काय करणार?

औषध लिहून द्यायचं असेल तर एकच रस्ता आहे : एमबीबीएस आणि त्यानंतर मनोविकारशास्त्रातलं तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी. डॉक्टर नसलेलं कुणीही गोळी सुचवू शकत नाही, बंद करायलाही सांगू शकत नाही. मानसशास्त्रीय चाचण्या, निदान, लेखी अहवाल आणि उपचार हे सगळं करायचं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हावं लागतं आणि त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. बोलण्यातून उपचार करायचे, पण चाचण्या-अहवालांच्या वाटेला जायचं नाही, असं असेल तर समुपदेशन मानसशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण आणि त्यासोबत भरपूर देखरेखीखालचं काम हा मार्ग आहे. कुटुंब, नोकरी, सरकारी योजना, पुनर्वसन या बाजूने मदत करायची ओढ असेल तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, करून मनोविकार समाजकार्याकडे वळता येतं.

पाचवी भूमिका बहुतेकांना माहीतच नसते. गोव्यात 'संगात' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्यावरचं समुपदेशन करायला लावलं. हा कार्यक्रम सहा ते आठ सेशनचा होता. त्याचा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि रुग्णांना फायदा झाल्याचं त्यात दिसलं. पण हे समुपदेशक एकटे नव्हते. कामाची हद्द ठरलेली होती, हातात ठरलेलं मार्गदर्शकपत्र होतं आणि एकमेकांच्या सेशनची ध्वनिमुद्रणं गटात बसून ऐकायची आणि त्यांना गुण द्यायचे, असा शिरस्ता होता. "त्यांना पदवी नव्हती, मग मलाही नको" असा अर्थ काढणारे हा दुसरा भाग वाचतच नाहीत.

इशारा : आरसीआयची नोंदणी नसताना स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून व्यवसाय करणं हा १९९२ च्या आरसीआय कायद्यानुसार गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. व्हिजिटिंग कार्ड आणि इन्स्टाग्रामवरची ओळखही याच हिशोबात धरा.

## टप्पा २ : पदवीचं नाव वाचू नका, मान्यता वाचा

सगळ्यात जास्त वर्षं आणि पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे थोडं थांबते.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीने दोन वर्षं घालवून 'क्लिनिकल सायकॉलॉजी'त एमए केलं होतं. घरच्यांनी पाटीही करून आणली. मग एका रुग्णालयाने नोकरीसाठी तिच्याकडे नोंदणी क्रमांक मागितला आणि तेव्हा पहिल्यांदा तिला कळलं, की तिच्या पदवीतून ती नोंदणी मिळतच नाही. पदवी खोटी नव्हती, विद्यापीठ रीतसर होतं. फक्त त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता नव्हती आणि प्रवेशाच्या वेळी तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोंधळ आता आणखी वाढलाय. पूर्वी रस्ता ठरलेला होता : मानसशास्त्रात एमए, त्यानंतर आरसीआय-मान्य संस्थेत दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद झालं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार समाजकार्य या दोनच विषयांना २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापर्यंत सूट मिळाली. दरम्यान आरसीआयने स्वतःचे नवे अभ्यासक्रम आणले : चार वर्षांचं बीएस्सी ऑनर्स, दोन वर्षांचं एमए क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायडी, म्हणजे डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी. म्हणजे आज बाजारात एकाच नावाची दोन एमए आहेत. एक आरसीआयच्या अभ्यासक्रमाचं, दुसरं विद्यापीठाचं स्वतःचं. माहितीपत्रकावर दोन्ही सारखीच दिसतात.

दुसरा बदल दूरशिक्षणाचा. मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आले, त्यातून हा निर्णय आला. तरीही "घरबसल्या एमए" अशा जाहिराती दिसल्या, तर फी भरण्याआधी यूजीसीची सूचना उघडून वाचा.

प्रवेश घेण्याआधी संस्थेला हे प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तराला अर्थ नाही.

१. या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का, कोणत्या सत्रापर्यंत आणि किती जागांना?
२. उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी कोणत्या वर्गात आणि कोणत्या नावाने होते?
३. प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम मिळतं आणि कोणत्या रुग्णालयात?
४. देखरेख कोण करतं? त्या व्यक्तीचा स्वतःचा नोंदणी क्रमांक काय?
५. मागच्या तुकडीतल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का?

पाचव्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर मी तरी त्या संस्थेत माझ्या भाचीला पाठवणार नाही.

तपासा : आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. संस्थेने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका, यादी स्वतः उघडा. मान्यता ठरावीक मुदतीची असते, म्हणून मुदत संपण्याचं वर्षही बघा.

समुपदेशक व्हायचं असेल तरी हेच निकष लावा, फक्त आरसीआयचा प्रश्न सोडून. तिसरा आणि चौथा प्रश्न मात्र जास्त कडक विचारा. कारण समुपदेशनाच्या कित्येक कोर्सांत सगळं वर्गात होतं आणि खरा माणूस एकदाही समोर बसत नाही.

## टप्पा ३ : प्रवेशाआधीचे चार-सहा महिने

या काळात पाठ्यपुस्तकं वाचत बसू नका, ती पुढे वाचायचीच आहेत. तीन कामं करा.

भाषेची वही. आपल्याकडे माणसं "मला नैराश्य आहे" असं म्हणत येत नाहीत. "करमत नाही", "कशात मन लागत नाही", "जीव घाबरा होतो", "छातीत धडधडतं", "डोकं जड असतं", "अंगात त्राण नाही", "उगाच रडू येतं", "पोटात गोळा येतो", "खायला उठतं घर" असं म्हणतात. पुष्कळदा तक्रार फक्त पाठदुखीची, गॅसची किंवा झोपेची असते. घरात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर कानावर पडणारे असे शब्द टिपा आणि प्रत्येकापुढे लिहा : हे चिंतेकडे झुकतंय, नैराश्याकडे, की शारीरिक आजाराकडे? खूपदा उत्तर "यावरून सांगता येत नाही" असंच येईल. ते कळणं हाच या वहीचा उपयोग. मालवणकडचा माणूस वेगळं बोलेल, लातूरचा वेगळं, नागपूरचा आणखी वेगळं. इंग्रजीत शिकून आलेली मुलं समोरच्याच्या "टेन्शन"चं घाईने 'अँग्झायटी' करून टाकतात आणि पुढचं सगळं चुकतं. टेन्शन कधी कर्जाचं असतं, कधी नवऱ्याच्या दारूचं.

स्वतःची तपासणी. तुम्हाला स्वतःला हा आजार होऊन गेला असेल, तर ते अपात्रतेचं कारण नाही. पण आत्ता चालू असेल आणि उपचार घेत नसाल, तर आधी उपचार घ्या. "दुसऱ्यांना मदत केली की मलाही बरं वाटेल" या आशेने आलेल्या दोन मुली मी पहिल्या सहा महिन्यांत कोलमडताना पाहिल्या आहेत. दोघीही नंतर परत आल्या आणि आज नीट काम करताहेत. पण ते सहा महिने त्यांना आणि त्यांच्या क्लायंटना जड गेले.

पैशाचा हिशोब. शिक्षण, देखरेखीची फी आणि पहिल्या दीड-दोन वर्षांची तुटपुंजी कमाई हे घरच्यांशी बसून मांडा. हे मांडलं नाही, तर पुढे पोटासाठी न झेपणाऱ्या केस घेण्याची वेळ येते.

## टप्पा ४ : सल्ला न देता ऐकायला शिका

सगळ्यांना वाटतं, की हे आपल्याला येतंच. हा सराव करून बघा. वर्गातल्या जोडीदाराला घ्या. त्याने स्वतःच्या खऱ्या, पण छोट्या अडचणीबद्दल दहा मिनिटं बोलायचं, तुम्ही ऐकायचं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. घरी बसून ते शब्दन् शब्द उतरवून काढा. मग आपल्या प्रत्येक वाक्यापुढे खूण करा : प्रश्न, सल्ला, धीर, स्वतःची गोष्ट, की त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत.

एका मुलाचा असाच उतारा माझ्यासमोर होता. जोडीदार म्हणाला, "आई गेल्यापासून घरी जावंसं वाटत नाही." याने चार सेकंदांत उत्तर दिलं, "वेळ गेला की सगळं ठीक होतं." तिसऱ्या मिनिटाला "तू जरा बाहेर पड, मित्रांना भेट." सहाव्या मिनिटाला "माझे आजोबा गेले तेव्हा मलाही..." दहा मिनिटांत जोडीदार आईबद्दल त्या एका वाक्यापलीकडे काहीच बोलू शकला नव्हता. मुलगा वाईट नव्हता. आपल्याकडे दुःख सांगणाऱ्याला लगेच धीर देणं हा चांगुलपणाच मानला जातो आणि तेच त्याने केलं. समुपदेशनाच्या खोलीत मात्र त्या धीराने समोरच्याचं तोंड बंद होतं.

किमान वीस उतारे काढा. कंटाळवाणं काम आहे. पण याला पर्याय मला तरी अजून सापडलेला नाही.

तपासा : दहा मिनिटांत सल्ला शून्य, प्रश्न पाच-सहापेक्षा कमी आणि समोरचा तुमच्या तिप्पट बोललेला, असे सलग तीन उतारे आले की पुढे जा.

## टप्पा ५ : मोजायला शिका आणि शरीराचं आधी विचारा

पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या मोफत आहेत. पहिली नैराश्यासाठी, नऊ प्रश्नांची, गुण ० ते २७. दुसरी चिंतेसाठी, सात प्रश्नांची, गुण ० ते २१. दोन्ही मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. ५, १० आणि १५ हे टप्पे दोन्हींत आहेत, पीएचक्यूमध्ये २० हा चौथाही आहे. साधारणपणे १० किंवा त्याहून जास्त गुण आले, की नीट मूल्यमापन हवंच.

प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. कमी शिकलेल्या माणसाला कागद हातात देऊन बाहेर जाऊ नका, वाचून दाखवा. "निम्म्याहून जास्त दिवस" हा पर्याय अनेकांना कळत नाही. मी पंधरा दिवसांचं कॅलेंडर समोर ठेवते आणि विचारते, "यातले किती दिवस?"

आता शरीर. थायरॉइड, रक्ताची कमतरता, बी-१२ ची कमतरता यांत थकवा, उदासी, धडधड हे सगळं दिसू शकतं. म्हणून पहिल्याच भेटीत हे विचारा : शेवटची रक्ततपासणी कधी झाली? चहा-कॉफी दिवसातून किती कप? दारू, तंबाखू, चालू गोळ्या? छातीतल्या धडधडीसाठी डॉक्टरांकडे गेलात का? माझ्या हाताखालच्या एका मुलीने झोप न येण्यासाठी तीन सेशन श्वासाचे व्यायाम शिकवले. चौथ्या सेशनला सहज विचारलं तेव्हा कळलं, की बाई रात्रपाळीच्या सवयीने संध्याकाळनंतर पाच कप चहा घेत होत्या.

नैराश्य दिसलं की हेही विचारायचंच : "असे चार-पाच दिवस कधी गेलेत का, की झोप दोन-तीन तास आणि तरी थकवा नाही? डोकं भरधाव, बोलणं थांबेना, पैसे उधळले, घरचे म्हणाले की याला झालंय तरी काय?" उत्तर हो असेल, तर हा द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर, आजार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी तो उसळू शकतो. अशी केस मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा.

इशारा : कानात आवाज येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी ठाम खात्री, खाणंपिणं सोडलेलं, बाळंतिणीचं अचानक बदललेलं वागणं यांपैकी काही दिसलं, तर ते समुपदेशनाच्या खोलीत धरून ठेवू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा.

## टप्पा ६ : जीव देण्याबद्दलचा प्रश्न, कोणत्याही तंत्राच्या आधी

पहिला खरा क्लायंट घेण्याआधी हा प्रश्न तुमच्या तोंडी सहज बसलेला हवा. आरशासमोर, जोडीदारासमोर, देखरेख करणाऱ्यांसमोर, पन्नास वेळा म्हणा.

नवीन मुलं हा प्रश्न हमखास असा विचारतात : "तसले काही विचार नाही ना येत?" या वाक्यातला तो "ना" समोरच्याकडून नकार मागून घेतो. "तसले" म्हणजे काय ते बोलायचीही तुम्हाला भीती वाटते, हे त्याला कळतं. मग तो "छे, छे" म्हणतो आणि दोघेही सुटतात.

असं विचारा, याच क्रमाने आणि सावकाश :

१. "इतका त्रास होतो तेव्हा कधी असं वाटतं का, की झोपावं आणि उठूच नये?"
२. "जीव द्यावा असं मनात येतं का?"
३. "कसं करायचं, याचा विचार केलाय का? ती वस्तू हाताशी आहे का?"
४. "आधी कधी प्रयत्न झालाय?"
५. "आतापर्यंत कशामुळे थांबलात?"

विचारल्याने विचार मनात पेरला जाईल, ही भीती काढून टाका, तसं होत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारल्याने सुटल्यासारखंच वाटतं.

उत्तर हो आलं तर उपदेश करू नका, शपथ घालू नका, आईवडिलांची आठवण काढून अपराधी वाटायला लावू नका. त्याच्यासोबत बसून कागदावर लिहा : धोक्याची पहिली खूण कोणती, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाला फोन करायचा, घरातली धोक्याची वस्तू कुणाकडे द्यायची. शेतकरी घरात फवारणीचं औषध कुठे आहे हे विचारणं आणि ते शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला लावणं, हा सुरक्षेचा भाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये तिथेच जतन करून द्या. तो चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. बेत ठरलेला असेल, साधन हाताशी असेल, तर त्याला एकटं घरी सोडायचं नाही. घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

हे बोलावणं गोपनीयतेचा भंग वाटून मुलं कचरतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, तसे जिवाच्या धोक्यासारखे अपवादही आहेत. ते अपवाद क्लायंटला पहिल्याच भेटीत, संमतिपत्रावर सही घेतानाच सांगायचे असतात, संकट उभं राहिल्यावर नव्हे.

## टप्पा ७ : एक पद्धत, शेवटपर्यंत

एका शनिवारी कला-उपचार, दुसऱ्या शनिवारी संमोहन, तिसऱ्याला आणखी काही, अशी कार्यशाळांची प्रमाणपत्रं गोळा करणारे खूप भेटतात. चिंता-नैराश्यासाठी पहिलं वर्षभर दोनच गोष्टी पक्क्या करा. विचारांवर काम करणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धती वगैरे त्यानंतर.

नैराश्यासाठी : कृतीतून सुरुवात. नैराश्यात माणूस म्हणतो, "उत्साह आला की करीन." इथे उलट चालायचं असतं, आधी कृती आणि मागून उत्साह. पहिला आठवडा फक्त नोंद : तासातासाला काय केलं आणि मन ० ते १० मध्ये किती. दुसऱ्या सेशनला ती नोंद सोबत वाचा. कुठे गुण दीड-दोनने वर गेले? तिथून एक अगदी लहान काम निवडा.

चूक इथेच होते. "रोज फिरायला जा" हा गृहपाठ नाही. निवृत्तीनंतर घरात बसून राहिलेल्या एका गृहस्थांसाठी आम्ही ठरवलेलं काम असं होतं : "मंगळवारी सकाळी सात वाजता, चप्पल घालून, कोपऱ्यावरच्या केंद्रावरून अर्धा लिटर दूध स्वतः आणायचं." दिवस, वेळ, जागा, माप, सगळं ठरलेलं. दुधाच्या रांगेत जुन्या सहकाऱ्याने त्यांना हाक मारली, हे त्यांनी पुढच्या सेशनला तीनदा सांगितलं. काम झालं नाही तर रागवायचं नाही आणि "असू दे" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. नेमकं कुठे अडलं ते शोधायचं आणि काम आणखी लहान करायचं.

चिंतेसाठी : टाळणं कमी करत नेणं. लोकलमध्ये जीव घाबरण्याचा झटका आला म्हणून वर्षभर ट्रेन टाळणारा ठाण्याचा तरुण घ्या. हृदयाची तपासणी झालेली आहे, डॉक्टरांनी निर्वाळा दिलेला आहे. आता त्याच्यासोबत पायऱ्या लिहायच्या : फलाटावर उभं राहून तीन गाड्या जाऊ देणं. स्लो लोकलने मुलुंडपर्यंत. मग घाटकोपरपर्यंत. मग दुपारच्या फास्ट गाडीने दादर. मग गर्दीच्या वेळी. प्रत्येक पायरीआधी लिहून घ्यायचं, "काय होईल असं वाटतं?" आणि उतरल्यावर, "प्रत्यक्ष काय झालं?" चक्कर येऊन पडेन असं लिहिलेलं असतं आणि पडलेला नसतो. तो कागद म्हणजेच उपचार. भीती शिगेला असताना मधल्या स्टेशनवर उतरू नये, एवढं आधी ठरवून घ्या.

त्याच्या बॅगेत पाण्याची बाटली, खिशात गोळी, सोबत भाऊ आणि जागा दारापाशीच, हे सगळं असतं. हे आधार हळूहळू काढायचे, नाहीतर तो म्हणत राहतो, "बाटली होती म्हणून वाचलो." आपण शिकवलेला दीर्घ श्वासही असाच आधार होऊन बसतो. तसंच "काही होणार नाही हो" हे आपलं वाक्य. चिंता असलेला माणूस ते वाक्य मागायला दर आठवड्याला येतो आणि आपण प्रेमाने देत राहतो. बंद करा.

## टप्पा ८ : देखरेख, म्हणजे सुपरव्हिजन

हा टप्पा नसेल, तर वरचे सातही वाया गेले असं समजा.

नोंदणीकृत आणि याच आजारांवर काम करणारी अनुभवी व्यक्ती शोधा. तुमच्या जिल्ह्यात नसेल तर ऑनलाइन चालेल. सुरुवातीला दर आठवड्याला, पुढे पंधरा दिवसांनी. क्लायंटची लेखी संमती घेऊन सेशनचं ध्वनिमुद्रण करा आणि ते न्या. आठवणीतून सांगितलेली केस म्हणजे आपल्याला हवी तशी केस. एक मुलगी माझ्याकडे चार महिने फक्त छान गेलेली सेशन आणत होती. पाचव्या महिन्यात मी म्हटलं, पुढच्या वेळी सगळ्यात अवघडलेली सात मिनिटं आण. त्या सात मिनिटांत क्लायंट दोनदा "आता पुरे झालं सगळं" म्हणाली होती आणि दोन्ही वेळा हिने विषय गृहपाठाकडे वळवला होता. आम्ही ध्वनिमुद्रण थांबवलं आणि तिथूनच त्या बाईंना फोन लावला. त्या सुरक्षित होत्या. मुलगी नंतर बराच वेळ गप्प बसून होती.

तपासा : दर सुपरव्हिजनला तीन गोष्टी न्यायच्या : ध्वनिमुद्रणाचा अडलेला तुकडा, पीएचक्यू-जीएडीचे आतापर्यंतचे गुण आणि एक नेमका प्रश्न. सहा सेशननंतरही गुण हलले नसतील, तर ते लपवू नका. निदान, पद्धत किंवा रेफर करणं, यातलं काहीतरी बदलायला हवं.

## टप्पा ९ : स्वतःचं काम सुरू करताना

पाटीवर पदवी जशी आहे तशीच लिहा. संमतिपत्र मराठीत, एका पानाचं. फी, सेशन रद्द करण्याचा नियम, गोपनीयतेचे अपवाद आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी त्यात असू द्या. नोंदी कुलपात. व्हॉट्सअ‍ॅपवर समुपदेशन नाही, फक्त वेळ ठरवणं. नात्यातले, सोसायटीतले, मैत्रिणीचा मुलगा, हे क्लायंट घ्यायचे नाहीत. लहान गावात हे कठीण जातं, म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या समुपदेशकाशी अदलाबदल ठरवून ठेवा.

अठरा वर्षांखालच्या मुलांसोबत काम करणार असाल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याचं कलम १९ वाचल्याशिवाय बसू नका. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला आधी देऊन बसलात, तर नंतर ते मोडावंच लागतं.

शेवटचं काम रेफरल यादीचं. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचे वार आणि वेळ, दोन खासगी मनोविकारतज्ज्ञ, एक फिजिशियन, एक व्यसनमुक्ती केंद्र, एक वकील आणि तुमच्या भागाला जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय. महाराष्ट्रात अशी चार सरकारी मनोरुग्णालयं आहेत : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. गोव्यात बांबोळीची सरकारी मनोविकार संस्था. यादी नेटवरून उतरवून घेऊ नका. प्रत्येक ठिकाणी एकदा स्वतः जा, केसपेपर कुठे निघतो ते बघा, कोणत्या दारातून आत जायचं आणि सोबत कोणती कागदपत्रं लागतात ते लिहून आणा. रात्री नऊ वाजता घाबरलेल्या बापाला तुम्ही फोनवर हेच सांगणार आहात.